तिसरी ओ

१

ब्याऐंशी सालची दिवाळी सरून आठवडा झाला होता. मांडवीत, वाळूला लागून असलेल्या भाटकरांच्या घरात, मागच्या दाराच्या पायरीवर बसून सगुणा आपल्या तिसऱ्या भाच्यासाठी नाव शोधत होती.

बाळ सात दिवसांचं झालं होतं. बाराव्या दिवशी बारसं. नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि मोरूदादाला बहीण एकच. त्यामुळे या बाबतीत दुसऱ्या कुणी तोंड उघडावं अशी सोय नव्हती, आणि सगुणा ती ठेवणारही नव्हती.

थोरला विलास, सात वर्षांचा. मधला कैलास, चार वर्षांचा. विलासचं नाव वहिनीने सुचवलेलं, सगुणाने फक्त कानात सांगितलं होतं. तेव्हा ती तेरा वर्षांची होती. कैलास मात्र तिने स्वतः शोधून काढलेलं. आता तिसरं त्यांच्या जोडीला शोभेल असं हवं. कॉलेजच्या लांब वहीच्या मागच्या पानावर तिने लिहिलं होतं: सुहास. विकास. श्रीनिवास. उल्हास. शाळेच्या दाखल्यावर, लग्नाच्या पत्रिकेवर, कुठेही वाचली तरी कळलं पाहिजे की ही तिघं एका घरची, आणि त्या घरात कुणीतरी शिकलेलं होतं.

असं वाटायला कारण होतं. कॉलेजच्या पहिल्या दिवशी हजेरीला तिचं पूर्ण नाव वाचलं गेलं, सगुणा केरू भाटकर, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच ‘केरसुणी’ म्हणालं. ते तिला वर्षभर पुरलं. अण्णा गेले त्याला चार वर्षं झाली होती. हयात होते तेव्हा तिने एकदा विचारलं होतं, तुमचं नाव असलं कसं हो ठेवलं? ते हसून म्हणाले, विचार तुझ्या आतेला. आवडाआते, अण्णांची थोरली बहीण, विधवा होऊन कधीची भावाकडे राहायला आलेली. तिला विचारलं तर म्हणाली, "ठेवलं. जगला ना?" विषय तिथेच संपला. या बाईशी कुठलाही विषय असाच संपायचा.

आत्ताही आवडाआते माजघरात होती. तिन्हीसांजा झाल्या की ती मागच्या दाराकडे पाठ करून बसायची आणि सुपात तांदूळ निवडायची. तेव्हा तिला हाक मारून उपयोग नसे. ओ म्हणून द्यायची नाही. पुढ्यात जाऊन उभं राहावं लागे. सगुणाच्या मते यात कानांचा काही दोष नव्हता. हा निव्वळ हट्ट होता.

"नावं लिही गो," पाठमोरीच ती म्हणाली. "हवी तेवढी लिही. पण तोंडात घेऊ नको. आदी बाळाच्या कानात जाऊ दे."

"का?"

"तशी रीत हाय."

"रीत म्हणजे कारण नव्हे, आते."

"मंग कारण तू शोध. कॉलेजात जातेस ना?"

सगुणाने वही मिटली. कारण शोधायची काही गरज नव्हती. नाव कागदावर कसं दिसतं यापेक्षा ते हाकेत कसं बसतं हे खरं. पुढची पंधरा वर्षं वहिनीला ते दिवसातून वीस वेळा याच दारातून ओरडायचं होतं. वहिनी बाळंतिणीच्या खोलीत, म्हणून सध्या पोरांना घरात बोलवायचं काम सगुणाकडे होतं. पोरं समोरच होती, अण्णांची जुनी होडी वाळूत पालथी पडलेली होती तिच्या आडोशाला. उजेड उतरत होता. तिने तोंडाला हात लावले.

"विलाऽस! कैलाऽस! उल्हाऽऽस!"

छान. फारच छान. एकामागून एक तीन पायऱ्या उतरल्यासारखं.

"ओ!" विलास ओरडला.

"ओऽऽ!" कैलास. तो नेहमी ताणायचा.

आणि मग, जरा उशिराने, लांबून, पार पाण्याच्या कडेकडून, बारीक आवाजात कुणीतरी म्हणालं, "ओ."

२

पोरं पाय धुवायला दगडावर उभी राहिली तेव्हा तिने विलासचा कान धरला.

"शहाणा झालास? दोनदा ओ द्यायची?"

"मी एकदाच दिली!"

"मग तिसरी कुणी दिली?"

विलासने होडीकडे पाहिलं. कैलास एका पायावर पाणी घेत म्हणाला, "त्याने."

"कोणी त्याने?"

"तू हाक मारलीस त्याने. तो नंतर येतो बोलला."

विलासने त्याला चिमटा काढला आणि कैलासने भोकाड पसरलं. झालं. सगुणाने दोघांना एकेक धपाटा घातला. थोरल्याने धाकट्याला काहीतरी पढवलेलं, याहून यात जास्त काय असणार?

खोलीतून सावित्रीवहिनीने हाक मारली. ती भिंतीला टेकून बसली होती, कपाळाला फडकं गच्च बांधलेलं, मांडीवर बाळ. "सगुणा, मी ऐकलं हां! उल्हास. मला आवडलं. आणि गंमत सांगू? हा केव्हाचा रडत होता. तू हाक मारलीस आणि गप्पच झाला. त्याला पण आवडलं वाटतं."

बाळ जागं होतं. डोळे उघडे, आढ्याकडे.

"मग ठरलं," सगुणा म्हणाली. तिला बरं वाटलं.

आवडाआते धुरीचं खापर घेऊन आली, शेगडीतले निखारे आणि त्यावर ओवा. धूर बाळाच्या अंगाशी फिरवून झाला, तरी ती उठली नाही. ती आता ओरडणार, रीत मोडली म्हणून तोंडाचा पट्टा सोडणार, अशी सगुणाने वाट पाहिली. उत्तरंही तयार ठेवली होती. पण आते ओरडली नाही. धुरामुळे डोळे बारीक करून तिने विचारलं,

"किती आल्या?"

"काय किती आल्या?"

"ओ. किती ओ आल्या?"

सगुणाने मनात मोजल्या. पण तीन आल्या म्हणायचं म्हणजे या बाईच्या हातात कोलीत द्यायचं.

"दोन," ती म्हणाली. "दोनच पोरं आहेत बाहेर. दोनच येणार."

आतेने तिच्याकडे पाहिलं, खापर उचललं आणि गेली.

३

दुसऱ्या दिवसापर्यंत सगुणाने तीन खुलासे शोधले होते. एक, विलासचा चावटपणा. दोन, धक्क्याच्या भिंतीवरून आलेला प्रतिध्वनी. तीन, कुणा शेजाऱ्याचं पोर. भर दुपारी ती मागच्या दारात उभी राहिली आणि तिन्ही नावं मोठ्याने ओरडली. वाळूवर कुत्रं झोपलं होतं, त्याने एक डोळा उघडला. बाकी काही नाही. तिला स्वतःचंच हसू आलं. प्रतिध्वनी नव्हता, म्हणजे विलास.

विलासचा निकाल लावायचा म्हणून संध्याकाळी तिने पोरांना लवकर घरात घेतलं आणि जेवायलाच बसवलं. बांगड्याचं तिखलं आणि भात. दोघंही तिच्या समोर, हाताच्या अंतरावर. आवडाआते माजघरात पाठमोरी. वहिनी खोलीत. मोरूदादा मासेमारीला, होडीवर, तो बारशाच्या आदल्या दिवशी येणार होता. सगळी माणसं मोजून झाली. विलासने तोंडात मोठा घास कोंबला तेव्हा ती दाराकडे वळली, आणि न ओरडता, शेजारच्याला बोलवावं तेवढ्याच आवाजात म्हणाली,

"उल्हास."

"ओ."

पाण्याकडून नाही. होडीपाशी. काल ते तान्ह्याने नुकतंच बोलायला शिकावं तसं होतं. आज ते कैलासएवढ्या पोराचं होतं, स्वच्छ आणि आज्ञाधारक.

"आला की तो," कैलास चावता चावता म्हणाला.

विलास, ज्याने गेल्या महिन्यात मास्तरांच्या छत्रीत जिवंत खेकडा सोडला होता, तो विलास ताटावरून उठला, सगुणाच्या पाठीमागे आला आणि तिच्या पदरात तोंड खुपसून रडायला लागला. पदराला तिखल्याचा हात लागला. ती त्याला ओरडली नाही.

ती बॅटरी घेऊन बाहेर गेली. रागाने गेली, भीती वाटतेय हे कळायच्या आत जायला हवं होतं. "कोण आहे रे तिकडे? आईबापांनी शिकवलं नाही का?" होडीच्या कडेला गुडघे टेकून तिने आत उजेड मारला. आत कुणी नव्हतं. पोरांनी बसून बसून वाळूत खळगे केले होते, आणि प्रत्येक खळग्यापुढे शिंपल्यांचा ढीग. कवड्या, तिसऱ्यांच्या शिंपा, फुटके शंख, नीट वाटून घेतलेले. दोन ढीग सारखे होते. तिसरा त्यांच्या दुप्पट.

परत आली तेव्हा कैलास ताट चाटत होता.

"आत्ये, त्याला नेहमी जास्त लागतं," तो तक्रारीच्या सुरात म्हणाला. "तू सांग ना त्याला."

४

बाळ रडायचं थांबलं होतं.

पहिले दोन दिवस सगळे खूश होते. गुणी बाळ, वहिनी म्हणायची, हे दोघं किती छळायचे आणि हा बघा. तिसऱ्या दिवशी ती काही म्हणाली नाही. अंगावर घेतलं की बाळ दोन घोट घ्यायचं आणि सोडून द्यायचं. डोळे उघडे, आढ्याकडे. सगुणाने त्याच्या कानाशी टाळी वाजवली. पापणी हलली नाही. तिने स्टीलचं भांडं पाडलं. शेजारच्या खोलीतून आवडाआते दचकून ओरडली, पण बाळ तसंच.

सगुणाने रिक्षा केली आणि बाळ-बाळंतिणीला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासलं, तोललं. वजन थोडं उतरलंय, पहिल्या दिवसांत उतरतं. कानांचं इतक्यात सांगता येत नाही. घाबरू नका. सगुणाला डॉक्टरांचा हात धरून आभार मानावेसे वाटले. पाहा, वजन उतरतं. नियमच आहे. तिने तो नियम घरी येईपर्यंत मनात घोकला.

पण रिक्षातून उतरताना बाळ तिने घेतलं, आणि हातातल्या दुपट्यात काही आहे की नाही, हे तिला दोनदा उघडून बघावं लागलं.

त्या दिवशी दुपारी वहिनी बाळाला तेल लावत होती. सगुणा खोलीच्या दारात पुस्तक घेऊन बसली होती. परीक्षा जवळ होती आणि गेले चार दिवस तेच पान उघडं होतं. वहिनीने बाळाच्या तळपायाला तेल चोळलं, कानाच्या पाळीला, कानामागे, आणि वाकून लाडाने म्हणाली, "उल्हास. ए उल्हास. बघ ना माझ्याकडे."

"ओ! आलो!"

मागच्या दारातून. पायरीवरूनच. दहा-बारा वर्षांच्या पोराचा आवाज, धावत आल्यासारखा.

वहिनीने मान वर केली नाही. "विल्या, तुला नाय हाक मारली," ती तेलाची वाटी सरकवत म्हणाली. "खेळ जा."

विलास शाळेत होता. कैलास सगुणाच्या पायाशी चटईवर तोंड उघडं टाकून झोपला होता.

सगुणा उठली. स्वयंपाकघरातून मागच्या दारापर्यंत आठ पावलं होती, लहानपणापासून तिने ती हजारदा टाकली असतील. दार उघडंच होतं. बाहेर ऊन, वाळू, दोरीवर दुपटी. पायरीवर कुणी नव्हतं. पण पायरीजवळचा पाय धुवायचा दगड ओला होता, आणि तांब्या सरळ ठेवलेला होता. या घरातली पोरं तांब्या कधीच सरळ ठेवत नसत.

कुणीतरी पाय धुतले होते. घरात यायचं म्हणून.

तिने दार लावलं आणि कडी घातली. भर दुपारी, तिच्या आठवणीत पहिल्यांदाच.

५

"आते, तीन आल्या होत्या."

आवडाआते पडवीत सुकट वाळवत होती. पालथ्या हाताने तिने ती पसरली, एक काडी वेचून टाकली.

"म्हायती हाय. मला मोजता येतं."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तू दोन बोललीस."

सगुणा तिच्या समोर उकिडवी बसली. काय बोलायचं ते पाठ करून आली होती, ते सगळं विसरली. "बाळ ऐकत नाहीये. दूध घेत नाहीये. हलकं झालंय गं ते. मी काय केलंय? कोण आहे तो?"

"मला काय म्हायती, कोण तो?"

"तुला माहीत आहे!"

"नाय." पहिल्यांदाच आतेचा आवाज चढला. "ओ देतो एवढं म्हायती हाय. ज्याचं अजून कोण नाय अशा नावाने हाक मारली तर ओ देतो. बाकी मी कदी विचारलं नाय, आणि तू पण विचारू नको." मग ती जरा थांबली. "तुज्या बापाचं नाव केरू नव्हतं ठेवायचं. आमचे थोरले दोघे भाऊ होते ना, तुजे दोन काके, त्यांच्या नावांना साजेसं नाव काढलं होतं. सुंदर नाव होतं. मी आठ वर्षांची. मला इतकं आवडलं, की मी दारात उभी राहून हाक मारली. अशीच. तिघांना."

"काय नाव होतं?"

आतेने सुकटीतली आणखी एक काडी वेचली. चौपन्न वर्षं झाली होती आणि ती ते नाव तोंडात घेत नव्हती.

"बारशाला आमच्या आत्याने कानात दुसरंच सांगितलं," ती म्हणाली. "केरात टाकायच्या वस्तूचं. कोणाला घ्यावंसं वाटणार नाय असं. जगला तो."

"आणि ते दुसरं?"

आते सुकट पसरत राहिली. आणि सगुणाला दिसली ती आतेची पाठ, तिन्हीसांजेची, जन्मभर दाराकडे केलेली.

"हे सगळं मला आधी सांगायचं ना!" ती ओरडली. रडू येत होतं म्हणून जास्तच जोरात ओरडली. "रीत, रीत, रीत! कारण सांगितलं असतंस तर..."

"तर ऐकलं असतंस?"

सुकटीवर माशा बसत होत्या. सगुणाला खोटं बोलता येत होतं, पण आत्ता सुचलं नाही.

"मोरूला सांगू नको," आते म्हणाली. "तो हाक मारून बघेल. तुजाच भाऊ तो."

६

मोरूदादा ठरल्याप्रमाणे आला, पापलेटांची टोपली आणि दोन किलो पेढे घेऊन. वहिनीने निरोप धाडलेला होता, त्यामुळे होडीवरच्या सगळ्यांना नाव माहीत झालं होतं. "उल्हास मोरेश्वर भाटकर," तो छाती फुगवून म्हणाला. "सगू, कॉलेजची फी वसूल झाली बघ." मग त्याने बाळ उचललं आणि त्याचं हसू जरा उतरलं. "एवढंसं कसं गं?" तो वहिनीला म्हणाला. वहिनी रडली.

बारसं दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीला. बायका जमल्या. गंगुबाई, सोनूबाई, वाडीतल्या आणखी पाच-सहा. माजघरात पाळणा टांगला होता, त्याला झेंडूच्या माळा. आधी वरवंट्याला कुंची घातली, काजळाचं बोट लावलं, दुपट्यात गुंडाळलं, जसं नेहमी करतात. दगडाचं बाळ आधी, मग खरं. दोघांच्या कुंच्या एकाच लाल छिटाच्या, वहिनीनेच शिवलेल्या. बायका पाळण्याच्या दोन्ही अंगांना उभ्या राहिल्या आणि एकीने पाळण्याखालून द्यायचं, दुसरीने वरून घ्यायचं, असं सुरू झालं.

गाणी, हशा, चेष्टा. "सगुणे, हे तिसरं नाव ठेवतेस, आता तुज्या घरचं पयलं कवा?" कुणीतरी विचारलं. सगुणाने ऐकलं नाही. ती हातांकडे पाहत होती. वरवंटा खालून गेला, वरून आला. बाळ खालून गेलं, वरून आलं. गंगुबाईने एक गाठोडं हातात घेतलं आणि सहज म्हणाली, "बाळसं चांगलं धरलंय हो!" तिने ते पाळण्यात ठेवलं. सोनूबाईने दुसरं शेजारी ठेवलं.

"चल गो आत्या! नाव सांग!"

मागचं दार सताड उघडं होतं. बायकांची ये-जा. कडी कुणी काढली कोण जाणे. आवडाआते कोपऱ्यात, दाराकडे पाठ करून.

सगुणा पाळण्यावर वाकली. मागून चार-पाच जणींनी तिच्या डोक्यावर पदर धरला, नाव कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. एकदम अंधारलं. आत झेंडूचा, ओव्याचा आणि दुधाचा वास. समईचा उजेड पदरातून गाळून येत होता, लालसर. दोन कुंच्या शेजारी शेजारी, तिच्याकडे पाठ केलेल्या. तिने डावीकडचीला हात लावला. उबदार, भरलेली, जड. श्वासाबरोबर वरखाली होणारी. उजवीकडची गार आणि गप्प.

हेच बाळ, तिचा हात म्हणाला. उबदार तेच बाळ. तिने डावीकडच्या कुंचीची कड बोटाने मागे सारली.

कान दिसला. छोटासा, पूर्ण, प्रत्येक वळण जागच्या जागी. तो कान आधीच तिच्या तोंडाकडे वळलेला होता. ऐकायला टपलेला.

आणि कोरडा होता.

बारा दिवस त्या घरात तेलाशिवाय दुसरं काही झालं नव्हतं. पाळीला तेल, कानामागे तेल, वहिनीच्या बोटांचं तेल सगळ्या घराला लागलं होतं. या कानाला तेलाचं बोट कधी लागलंच नव्हतं. त्याच्या वळणात होते वाळूचे चार कण.

सगुणाने कुंचीची कड सोडली. सोडताना त्या अंधारात काहीतरी वळायला लागलं, तोंड वर करायला लागलं, आणि ते पाहायचं नाही एवढंच तिला कळलं. ती उजवीकडे झुकली. गार कुंचीत नाक खुपसलं. तेलाचा वास आला. काल सकाळचा, परवाचा, बारा दिवसांचा. तिने चिकट कानाला ओठ लावले.

"कुर्रर्र," ती म्हणाली. आणि मग, हजेरीचं ते सकाळचं कॉलेज, तो मागचा बाक, सगळं गिळून, "केरू. केरू. केरू."

पाठीत धपाटे बसले. रीतच ती, नाव सांगितलं की आत्याच्या पाठीत बायकांनी घालायचे. सहा-सात दणदणीत हात, बांगड्यांचे, हसत हसत. आणि त्यांच्यात एक, खाली कमरेशी, लहानसा तळवा. तो मारत नव्हता. त्याने निऱ्या मुठीत धरल्या, जरा वेळ धरून ठेवल्या, आणि सोडल्या.

बाळ रडलं. बेंबीच्या देठापासून, लालबुंद होऊन, साऱ्या वाडीला ऐकू जाईल असं.

"काय ठेवलंस गो?" बायका विचारत होत्या. "काय ठेवलंस?"

तिने सांगितलं.  वहिनीचं तोंड उतरलं. मोरूदादा दारात उभा होता, त्याने खिशातला रुमाल काढून डोळ्यांना लावला. "अण्णांचं नाव," तो म्हणाला. "सगू, तुला लाज वाटायची गं या नावाची. मला म्हायती होतं."

सगुणाने पाळण्यात हात घालून दुसरं गाठोडं उचललं. वरवंटा होता. काळा, गार, वरवंट्याएवढ्याच वजनाचा.

७

केरू दूध प्यायला लागला. महिन्याभरात त्याच्या मांड्यांना वळ्या पडल्या. भांडं पडलं की तो दचके आणि रडे, आणि वहिनी वैतागे, आणि सगुणाला ते ऐकून बरं वाटे. वहिनीचा राग गेला नव्हता. "विलास, कैलास आणि केरू," ती म्हणायची. "शोभतंय का कुठे? चांगलं उल्हास ठरलं होतं."

"वहिनी, ते नाव घेऊ नकोस."

"का गं?"

सगुणाने तोंड उघडलं आणि मिटलं. "तशी रीत आहे," ती म्हणाली.

एव्हाना पोरांना हाक मारायचं काम वहिनीकडे गेलं होतं. दिवेलागणीला ती दारात जाई, दोन नावं ओरडे, दोन ओ येत, दोन पोरं पाय धुऊन आत येत. दोनच. सगुणा रोज मोजायची. परीक्षेचे पेपर बरे गेले. खुलासेही पुन्हा सुचायला लागले होते: ताप असेल, वाऱ्याने येणारा आवाज असेल, पदराखालच्या अंधारात माणसाला काहीही दिसतं.

मग पौषातल्या एका संध्याकाळी ती स्वयंपाकघरात कंदील पुसत होती. वीज गेली होती. पोरं आत आलेली, पुढच्या खोलीत भांडत होती. वहिनी केरूला निजवत होती. मागचं दार अर्धवट लोटलेलं होतं.

"आत्ये."

शहाण्या पोराचा आवाज. विलाससारखा थोडा, थोडा कैलाससारखा. एका घरचा, कुणालाही कळलं असतं.

"आत्ये, मी येऊ?"

कंदिलाची काच तिच्या हातात होती. ती तिने हळूच खाली ठेवली. ओठ आपोआप उघडले होते, सवयीने. वीस वर्षांत या घरात कुणी हाक मारली आणि तिने ओ दिली नाही असं झालं नव्हतं. तिने ते दातांखाली धरले. दाराकडची आठ पावलं सोडून ती दुसऱ्या बाजूला, माजघरात गेली.

आवडाआते अंधारात सूप घेऊन बसली होती. तिने मान न वळवता जरा सरकून जागा केली. सगुणा तिच्या शेजारी बसली, दाराकडे पाठ करून. सुपातले तांदूळ दिसतही नव्हते.

"आत्ये," पायरीवरून पुन्हा हाक आली. ताटकळलेली, पण मर्यादेतली. त्याने पाय धुतले असणार. तांब्या सरळ ठेवला असणार. नाव ठेवून कुणी विसरलं होतं त्याला, आणि जिने ठेवलं तिलाच तो विचारत होता.

मग त्याच दारातून, त्याच्याही मागून, फार लांबून, चौपन्न वर्षं ताटकळलेल्या म्हाताऱ्या पुरुषाच्या आवाजात कुणीतरी म्हणालं, "आवडे."

आतेचा हात सुपात थांबला नाही.

"निवड," ती म्हणाली.

सगुणाने सुपात हात घातला.